क्विंकेची सुई

फिजिक्समध्ये साउंडच्या इंटरफिअरन्ससाठी असते ती क्विंके ट्यूब आठवते? ती गेऑर्ग क्विंके यांची. मी लिहितोय त्यांच्या धाकट्या भावावर, डॉ. हाइनरिश क्विंके यांच्यावर. मेडिकलवाल्यांना हे नाव सुईच्या पाकिटावर दिसतं. आपल्याकडे मात्र भाऊच प्रसिद्ध!

हाइनरिश यांचा जन्म १८४२ चा, ओडर नदीकाठच्या फ्रँकफर्टमधला. (जर्मनीत फ्रँकफर्ट दोन आहेत, मोठ्या विमानतळाचं ते दुसरं.) वडील डॉक्टर. शिकवायला फिरखो आणि हेल्महोल्ट्झ यांच्यासारखी माणसं. आधी बर्नला आणि १८७८ पासून तीस वर्षं कीलला प्राध्यापक.

आपला मेंदू आणि मज्जारज्जू पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात तरंगत असतात. १८७२ मध्ये क्विंके यांनी कुत्र्यांच्या शरीरातल्या या द्रवात लाल पूड सोडली आणि ती कुठवर जाते ते पाहिलं. मेंदूभोवतीचं पाणी आणि पाठीतलं पाणी एकच, हे त्यांना पटलं. फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेल्याला पुढचं लगेच सुचेल. वर प्रेशर वाढलं, तर खालून सोडता येईल!

त्या काळी मेंदूत पाणी साठलेली मुलं डोळ्यांदेखत जायची. १८९१ मध्ये क्विंके यांनी उपाय मांडला: कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून पोकळ सुई घालायची. ही जागा उगाच निवडलेली नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली पाण्यात सुट्या नसा असतात, त्या सुईसमोरून बाजूला सरकतात. त्याच वर्षी लंडनमध्ये विंटर नावाच्या डॉक्टरांनीही असं पाणी काढलं होतं, पण कातडी कापून, नळी घालून.

मला ग्रेट वाटतं ते पुढचं. काढलेलं पाणी फेकून न देता क्विंके ते मोजत बसले. प्रेशर किती, प्रोटीन किती, साखर किती, पेशी किती, जंतू दिसतात का. उपचार म्हणून घातलेल्या सुईची अशी तपासणी झाली. १८९३ मध्ये त्यांनी काही चक्रावून टाकणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं. लक्षणं मेनिंजायटिसची, पण पाणी स्वच्छ, पू नाही. त्यात वेगवेगळे आजार मिसळलेले होते, काही व्हायरसचेही असू शकतील. पण व्हायरस पकडायला त्यांच्या हातात होतं काय?

कीलमध्येच १८९८ साली सर्जन बीर यांनी याच वाटेने पाठीत भूल दिली. स्वतःवरही प्रयोग करून घेतला आणि मग कित्येक दिवस डोकं धरून पडले. क्विंके १९०८ मध्ये निवृत्त झाले, १९२२ मध्ये वारले, तेही दुसऱ्या फ्रँकफर्टमध्ये. नोबेल काही मिळालं नाही.

व्हायरल मेनिंजायटिस बहुतेकदा आपोआप बरा होतो, बॅक्टेरियाचा काही तासांत जीव घेऊ शकतो. सुरुवातीला दोन्ही सारखेच: ताप, प्रचंड डोकेदुखी, मान ताठ. कल्चरला दोन-तीन दिवस जातात, तोवर अँटिबायोटिक चालूच. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एक पीसीआर पॅनेल साधारण तासाभरात १४ जंतू शोधतं, त्यांत ७ व्हायरस. त्याला लागतात २०० मायक्रोलिटर, म्हणजे चारेक थेंब. हर्पीस निघाला तर त्याचं औषध आहे, एन्टेरोव्हायरस निघाला तर अँटिबायोटिक थांबवता येतात. अर्थात मशीन सर्वज्ञ नाही. आपल्याकडचा जपानी मेंदुज्वर त्या १४ मध्ये नाहीच, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टरांना पेशंटकडे बघावंच लागतं.

पण ते चार थेंब आधी मिळायला हवेत ना! आमच्या विंगमधल्या एकाला ही तपासणी सांगितली, तेव्हा गावाहून फोनवर फोन. पाठीतलं पाणी काढू देऊ नका, पोराचे पाय जातील. शेवटी त्याच्या काकांना मी वहीच्या पानावर मणके काढून दाखवले, मज्जारज्जू कुठे संपतो तिथे रेघ मारली, आणि त्याच्या खाली क्विंके यांच्या जागेवर गोल केला. काकांनी बराच वेळ ते पान पाहिलं. मग माझंच पेन घेऊन फॉर्मवर सही केली.