रुडॉल्फ डिझेल

सारोळ्यावरून पुणे-सातारा रस्त्याने रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारींच्या इंजिनाला ज्याचे नाव मिळाले, तो रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये एका जर्मन कारागिराच्या घरी जन्मला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले. बारा वर्षांचा रुडॉल्फ जर्मनीत नातेवाइकांकडे राहून शिकला आणि शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या तंत्रविद्यालयात गेला. विषमज्वरामुळे त्याची अंतिम परीक्षा हुकली. १८८० मध्ये तीच परीक्षा तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाते, हे त्याला विद्यार्थिदशेतच खटकले होते. नुसती हवा इतकी दाबायची, की ती तापून तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटावे, ही त्याची कल्पना. १८९३ च्या पहिल्या चाचणीत स्फोट झाला. तो खचला नाही. १८९७ मध्ये इंधनाची सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावणारे इंजिन त्याने सिद्ध केले.

१९१३ मध्ये इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. पुढे सुधारलेल्या इंधनपंपामुळे हे इंजिन लहान व वेगवान झाले आणि १९३६ मध्ये मर्सिडीजच्या मोटारगाडीत बसले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि शेतकऱ्याच्या विहिरीवरही ते पोहोचले.

विद्यार्थी मित्रांनो, एक परीक्षा हुकली म्हणून विद्या संपत नाही. पालकांनीही हे ध्यानी ठेवावे.