बापाचा आवाज, मुलाचा सायलेन्सर

एनसीसीच्या कॅम्पमध्ये पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात आली, तेव्हा माझं सगळं लक्ष नेमाकडे होतं. पाच गोळ्या मिळाल्या होत्या आणि पाचही टार्गेटवर बसवायच्या होत्या. शेजारी झोपलेल्याने माझ्या आधी ट्रिगर ओढला आणि माझ्या उजव्या कानात जी शिट्टी सुरू झाली, ती रात्री मेसमध्ये वरण वाढून घेईपर्यंत वाजतच होती. कानात कापूस घाला असं उस्तादांनी सांगितलं होतं. पण कापूस घालतो तो कसला जवान, अशी आमची समजूत!

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं. बाबा २६ वर्षं एका फोर्जिंग शॉपमध्ये हॅमरवर होते. त्यांना फोनची रिंग ऐकू येत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, आणि आमच्या टीव्हीचा आवाज एवढा असतो की खालच्या मजल्यावरच्या काकूंना सगळ्या मालिका न बघताच पाठ आहेत. बाबांनी कपाटातून इअरप्लगची एक जुनी डबी काढून माझ्या हातात ठेवली. कोरी, न वापरलेली. कामावर मिळाली होती, पण प्लग घातले की हॅमरचा ठोका बदलला तर कळायचं नाही, म्हणून तिथे कोणी घालतच नव्हतं.

तर मित्रांनो, टी.ई.ला सेमिनारचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी मफलर घेतला. थंडीचा नव्हे, गाडीचा. गॅरेजमध्ये आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो. (सायलेन्सर म्हटल्यावर वर्गात सगळ्यांना ‘थ्री इडियट्स’मधला चतुरच आठवला, ते सोडा.) लायब्ररीत त्याचा इतिहास खणता खणता गाडीवरून गाडी रायफलवर गेली आणि मला एक माणूस भेटला : हायरम पर्सी मॅक्झिम. सेमिनारच्या पंधरा स्लाइडमध्ये तो मावला नाही, म्हणून इथे लिहितोय.

मॅक्झिम हे नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटत असेल तर बरोबर आहे. मॅक्झिम गनवाला मॅक्झिम हा याचा बाप. हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम, जन्म १८४० चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. त्याने इंग्लंडमध्ये १८८४ च्या सुमारास अशी मशीनगन बनवली की जी स्वतःच्याच धक्क्याचा उपयोग करून रिकामं काडतूस बाहेर टाकते आणि नवीन आत घेते. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या! युरोपातल्या साम्राज्यांनी आफ्रिकेत या बंदुकीने काय केलं ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. बापाला १९०१ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. आणि आयुष्यभर स्वतःच्याच बंदुका कानाशी वाजवून घेतल्यामुळे तो जवळजवळ ठार बहिरा झाला. काका हडसन मॅक्झिम स्फोटकांचा संशोधक, त्याचा एक हात प्रयोगात गेला. एका घरात इंजिनिअरिंगची एवढी किंमत मोजलेली मी तरी दुसरीकडे वाचली नाही.

मुलगा हायरम पर्सी. जन्म २ सप्टेंबर १८६९, ब्रुकलिन. तो लहान असताना, १८८१ मध्ये, बाप कामासाठी युरोपला गेला आणि पुढे तिकडचाच झाला. आई जेनने मुलांना वाढवलं. पर्सीने मात्र बापावर राग काढल्याचं दिसत नाही. म्हातारपणी त्याने बापाच्या आठवणींचं एक पुस्तक लिहिलं आणि ते चक्क विनोदी आहे. १८८६ मध्ये, सतरावं वर्ष पुरं व्हायच्या आत, तो बोस्टनच्या एमआयटीतून शिकून बाहेर पडला. त्या वयात आपण सीईटीचा फॉर्म भरत होतो.

पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी तो तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. दिवसा गोळे, रात्री स्वतःचे उद्योग. पेट्रोलचा स्फोट किती जोरदार असतो हे बघायला त्याने तोफेच्या एका रिकाम्या काडतुसात थोडं पेट्रोल टाकलं, वाफ होऊ दिली आणि वरून जळती काडी टाकली. आपल्या आयसी इंजिनच्या लॅबमध्ये असं काही केलं तर एचओडी आपलंच काडतूस करतील! भुवया शाबूत ठेवून त्याने एक तीनचाकी मोटार बनवली आणि तिच्या जोरावर १८९५ मध्ये हार्टफर्डच्या पोप कंपनीत नोकरी मिळवली. पोप हे सायकलींचे बादशहा. स्फोटावर बसून प्रवास करायला कोण येणार, असं कर्नल पोप यांचं मत होतं, म्हणून पेट्रोलच्या माणसाला त्यांनी विजेच्या गाड्या बनवायला लावलं. १८९७ मध्ये त्यांची ‘कोलंबिया’ ही इलेक्ट्रिक गाडी बाजारात आली होती, हे ईव्हीवर प्रोजेक्ट करणाऱ्या मंडळींनी जरूर नोंदवावं.

१९०७ च्या सुमारास तो मोटारधंद्यातून बाहेर पडला आणि बंदुकीच्या आवाजाकडे वळला. माझी फार इच्छा होती की बहिऱ्या बापासाठी त्याने हे केलं असं कुठेतरी वाचायला मिळावं. पण त्याने स्वतः दिलेलं कारण साधं आहे. त्याला नेमबाजीचा शौक होता आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता सराव करायचा होता. मी जरा हिरमुसलोच.

आता मुद्द्याचं. गोळी नळीतून सुटते तेव्हा तिच्या मागे जळलेल्या दारूचा गरम वायू प्रचंड दाबाखाली असतो. गोळी तोंडातून निघाली की तो एकदम बाहेर फुटतो. तोच धडाका. कुकरची वाफ जिरायच्या आधी कोणी झाकण उघडलं तर काय होईल? वायू तेवढाच, पण तो एका क्षणात सोडायचा की हळूहळू, एवढाच प्रश्न. मॅक्झिमने झडपा लावून पाहिल्या, वायू बाजूने काढून पाहिला. धड जमेना. मग एक दिवस आंघोळ करताना टबमधलं पाणी भोकाशी गरगर फिरत, रेंगाळत जाताना त्याला दिसलं. वायूलाही असंच गरगरवलं तर? (आर्किमिडीज झाला, हाही झाला. आमच्या हॉस्टेलवर बादली-मग असल्यामुळे शोध लागत नाहीत असा माझा निष्कर्ष आहे.) त्याने नळीच्या तोंडावर एक डबा बसवला, आत एकामागे एक वाकवलेले पत्रे ठेवले. गोळी मधल्या भोकातून सरळ निघून जाते. वायू मात्र पत्र्यांना अडकून गोल गोल फिरतो, थंड होतो, दाब गमावतो आणि मग सावकाश बाहेर येतो. १९०८ आणि १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळाली. ‘मॅक्झिम सायलेन्सर’ नावाने तो डबा काही डॉलरला दुकानात मिळू लागला.

खरं डिझाइन यापुढे सुरू होतं. आवाज कमी हवा तर वायूला जागा जास्त हवी. जागा जास्त म्हणजे डबा लांब तरी करा, नाहीतर जाड तरी. लांब केला तर रायफलच्या टोकाला वजन लटकतं. अप्लाइड मेकॅनिक्समधला मोमेंट आठवा : हातात धरलेल्या जागेपासून हातभर पुढे टांगलेलं पाव किलोसुद्धा दहा मिनिटांत खांदा मोडतं. शिवाय झाडीत, दारात, गाडीत अडकतं ते वेगळंच. मग जाड करावा? तर नेम धरायची माशी नळीच्या टोकाशीच असते. जाड डबा बरोबर तिच्यासमोर येतो आणि शिकाऱ्याला समोर हरणाऐवजी पत्र्याचा गोल दिसतो.

मॅक्झिमने १९१० च्या मॉडेलमध्ये केलेली युक्ती बघून मी अक्षरशः टेबलावर हात मारला (लायब्रेरियन मॅडमनी बघितलं). त्याने भोक डब्याच्या मध्यावर ठेवलंच नाही, वर सरकवलं. डब्याचं पोट नळीच्या खाली लोंबतं, वरची बाजू नळीच्या जवळपास बरोबरीत राहते, आणि रायफलची जुनी माशी जागच्या जागी वापरता येते. वायूला काय, मध्य असो नसो, त्याला फिरायला जागा मिळाल्याशी मतलब. लेथवर मधोमध भोक पाडणं केव्हाही सोपं. तरी त्याने अवघड काम कारखान्याकडे ठेवलं आणि सोपं गिऱ्हाइकाकडे दिलं. वीतभराहून छोटा डबा, तोही जुन्याच बंदुकीवर बसणारा. आजही रायफलच्या तोंडावर काय बसवायचं हे ठरवताना लांबी, जाडी, वजन आणि आवाज यांची हीच ओढाताण असते. ठेंगणा डबा घेतला की थोडा आवाज पदरात घ्यावाच लागतो.

सगळा आवाज जातो का? नाही. सिनेमातला ‘फुस्स’ विसरा. त्या काळच्या अमेरिकन लष्करी रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने जायची, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या दुपटीहून जास्त. अशी गोळी हवेत जो चाबकासारखा कडाका उठवते तो नळीच्या पुढे, वाटेवर तयार होतो. तोंडावरचा डबा त्याला काही करू शकत नाही. पॉइंट टू टूची संथ गोळी ध्वनीपेक्षा हळू जाते, तिथे मात्र सायलेन्सर नावाला जागतो. साधारणपणे रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि चांगला सायलेन्सर त्यातले २० ते ३० कमी करतो. उरलेलाही काही लोरी नव्हे. पण ३० डेसिबल म्हणजे कानावरचा दाब तिसाव्या भागापेक्षाही खाली, हे विसरू नका. कान राहणं आणि जाणं एवढ्याच फरकात ठरतं.

थिओडोर रूझवेल्टने आपल्या विंचेस्टरवर मॅक्झिमचा सायलेन्सर बसवून घेतला होता. सैन्याने चाचण्या घेतल्या. पण चोरून शिकार करणाऱ्यांच्या आणि गुन्हेगारांच्या हातात हे पडेल या भीतीने काही राज्यांनी लवकरच बंदी घातली. १९३४ मध्ये अमेरिकेत केंद्राचा कायदा आला : नोंदणी करा आणि दर नगामागे २०० डॉलर कर भरा. काही डॉलरच्या वस्तूवर २०० डॉलर! ती भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही, खून करणाऱ्याला शांतता सोयीचीच. पण जी वस्तू अजून गोळीचा आवाज पूर्ण लपवू शकत नाही, तिला बंदुकीपेक्षा मोठी गुन्हेगार ठरवलं हे मला पटत नाही. फिनलंड, नॉर्वेमध्ये शिकारी ती कानांसाठी सरळ वापरतात. अमेरिकेतही २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला, नोंदणीची अट मात्र ठेवली.

मॅक्झिम तोवर त्या भांडणात राहिलाच नव्हता. १९३४ च्या कायद्याआधीच त्याच्या कंपनीने बंदुकीचे सायलेन्सर सोडून कारखान्यांचे धरले होते : डिझेल इंजिनांचे, कॉम्प्रेसरचे, हवा आणि वाफ सोडणाऱ्या पाइपांचे. डबा तोच, फक्त तोंड वेगळं.

त्याचं दुसरं प्रेम तर आवाज दूर पोचवण्याचं होतं. एप्रिल १९१४ मध्ये त्याला रेडिओसाठी एक व्हॅक्यूम ट्यूब हवी होती. ती ४० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डमध्ये एकाकडे होती, पण त्याचं एक किलोवॅटचं स्टेशन तिथवर पोचेना. वाटेत विंडसर लॉक्सला एक हौशी रेडिओवाला सापडला, त्याने निरोप पुढे ढकलला. एवढ्यावरून मॅक्झिमने क्लॅरेन्स टस्का या तरुणाला बरोबर घेऊन त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग काढली. आपल्याकडच्या हॅम मंडळींना हे नाव नवीन नसेल. १९२५ मध्ये पॅरिसला झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाही तो पहिला अध्यक्ष. लीगच्या मासिकात ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने कोणीतरी सगळ्यांची सालं काढायचा. तो मॅक्झिमच, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं.

१७ फेब्रुवारी १९३६ ला, रेल्वेने पश्चिमेकडे जात असताना घशाच्या आजाराने तो कोलोरॅडोत ला हुंता गावी गेला. डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू हे त्याचं स्टेशनचं नाव लीगच्या केंद्राला देण्यात आलं.

सेमिनारच्या आदल्या रात्री मी १९१० च्या मॉडेलचा उभा छेद कागदावर काढत बसलो होतो. बाबांनी चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि खालच्या लोंबत्या पोटावर बोट ठेवलं. त्यांच्या हॅमरची हवा सुटायची तो पाइप नुसता उघडा होता, भिंतीतून बाहेर काढलेला. सगळ्यात जास्त कान तिथेच जायचे. हे असलं काही त्या पाइपवर बसलं असतं का, त्यांनी विचारलं. बसलं असतं, मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. मी कागदाच्या कोपऱ्यात पाइप काढला, त्याच्या तोंडावर डबा काढला आणि बाण मारून दाखवलं.