रॉबर्ट हुकचा तराजू

शाळेत 'हुकचा नियम' आपण सर्वांनीच घोकला. स्प्रिंगला वजन टांगायचे, किती लांबली ते मोजायचे, आणि परीक्षेनंतर विसरून जायचे. हा हुक होता तरी कोण, हे निदान आम्हा कलाशाखेच्या मुलांना ठाऊक नसते.

रॉबर्ट हुकचा जन्म इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर 18 जुलै 1635 रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. प्रकृती लहानपणापासूनच नाजूक. तेराव्या वर्षी वडील गेले. पुढे ऑक्सफर्डला रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली त्याने हवेचा पंप तयार केला, आणि 1662 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले.

त्याच वर्षी डिसेंबरात तो तराजू घेऊन वेस्टमिन्स्टर ॲबीवर चढला. जमिनीपासून उंच गेल्यावर वस्तूचे वजन घटते का, हे त्याला पाहायचे होते. सुमारे 15 औंसांचा लोखंडी तुकडा त्याने दोरीसकट वर तोलला. मग तोच दोरीने 71 फूट खाली सोडून पुन्हा तोलला. वजन दहा ग्रेनहून थोडे जास्तच भरले! दुसरा एखादा असता तर तिथूनच शोधाची दवंडी पिटत खाली आला असता. हुकने तुकडा जपून वर ओढला आणि तिसऱ्यांदा तोलला. वजन वाढलेलेच राहिले. म्हणजे ही वाढ उंचीमुळे नव्हती, आणि तसे त्याने सोसायटीला सांगून टाकले. आजच्या हिशेबाने 71 फुटांत त्या तुकड्याचे वजन जेमतेम एका ग्रेनच्या विसाव्या भागाइतके बदलते. त्याच्या तराजूला ते कुठून कळणार?

प्रश्न मात्र त्याने सोडला नाही. जानेवारी 1680 मध्ये त्याने न्यूटनला पत्र लिहिले. पृथ्वीच्या मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले तर तिची ओढ चौथाई होते, हा आपला तर्क त्यात त्याने मांडला. सेंट हेलेना बेटावर हॅलीचा लंबक डोंगरमाथ्यावर पायथ्यापेक्षा सावकाश हलत होता, हेही कळवले.

1687 साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध झाला. हुकने श्रेयाचा वाटा मागितला. न्यूटन संतापला आणि रेन व हॅली यांच्या जोडीने हुकचा ओझरता उल्लेख करून मोकळा झाला. गणिती सिद्धता न्यूटनचीच, ती हुकच्या आवाक्यातली नव्हती, हे मान्य. तरी एवढा कंजूषपणा त्या थोर माणसाला शोभला नाही, असे मला वाटते.

3 मार्च 1703 रोजी हुक वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हुकचे खात्रीचे म्हणावे असे एकही चित्र आज उपलब्ध नाही.