परतीची कथा मुलांच्या हाती देणारे हाईम केहिमकर

कोकण किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल समाजाला गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी ही या यहुदी समाजाची मातृभाषा. शब्बाथ, सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. मात्र हिब्रू भाषा व धर्मग्रंथ विस्मृतीत गेले होते. हा तुटलेला धागा मुलांच्या हाती पुन्हा देणाऱ्यांत हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे नाव अग्रस्थानी आहे.

केहिमकरांचा जन्म 1830चा. अलिबागजवळील किहीम गावावरून घराण्याला आडनाव मिळाले. त्यांच्या बालपणी बेने इस्राएल मुलांना बायबल व हिब्रूचे धडे मिळत ते प्रामुख्याने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांत. डॉ. जॉन विल्सन यांनी तर मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. या शिक्षणाचा समाजाला लाभ झाला. परंतु त्यामागील धर्मांतराचा हेतूही लपून राहिला नाही. आपला ग्रंथ मुलांनी आपल्याच शाळेत शिकावा, ही निकड त्यातून निर्माण झाली.

1875 मध्ये केहिमकरांनी बंधू व सहकाऱ्यांसह मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली. तेथे इंग्रजी व मराठीबरोबर हिब्रूही शिकविली जाई. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने पुढे या शाळेला आर्थिक साह्य केले.

या मुलांच्या हाती आलेल्या ग्रंथात बॅबिलोनहून परतलेल्या यहुद्यांची कथा आहे. इ.स.पूर्व 586 मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले, लोक बंदिवान म्हणून नेले गेले. सुमारे अर्ध्या शतकाने इराणचा सम्राट कोरेश याने त्यांना परतण्याची मुभा दिली. पुढे नहेम्याने 52 दिवसांत तटबंदी उभारली. एज्राने सर्वांसमोर नियमशास्त्र वाचले आणि त्याचा अर्थ लोकांना समजावून देण्यात आला. परतलेल्यांना घरांबरोबर विस्मृतीत गेलेला ग्रंथही परत मिळवावा लागला होता. केहिमकरांच्या पिढीपुढचे काम याहून वेगळे नव्हते.

या कामी मराठीच उपयोगी पडली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. नाथांच्या पैठणमुळे मराठवाड्याला जवळचे असलेले कीर्तनही 1880च्या सुमारास या समाजाने स्वीकारले आणि बायबलमधील कथा त्यातून सांगितल्या.

केहिमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून 1897 मध्ये पूर्ण केला. तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. मात्र तेथील धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली. दीर्घ आंदोलनानंतर 1964 मध्ये त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हणून मान्यता मिळाली. मायभूमीत परतणे आणि तेथे आपले मानले जाणे यांतील अंतर त्यांना असे पार करावे लागले.

केहिमकरांच्या शाळेला पुढे सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. मुंबईत माझगाव येथे ती आजही भरते. तेथे शिकणारी बहुतेक मुले आता अन्य धर्मांची आहेत.