बाळू पालवणकर : विरोधातला माणूस, आपल्या बाजूची साक्ष

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर गेले. एकेकाळी ज्यांच्या गोलंदाजीसाठी मुंबईचे मैदान माणसांनी फुलून जायचे, त्यांचे नाव आज आपल्या किती तरुणांना ठाऊक आहे? पुण्यात क्रिकेटच्या शिबिराला जाणाऱ्या दहा मुलांना विचारून पाहा. सचिन माहीत असतो, गावसकर माहीत असतात. पण याच शहराच्या मैदानावर झाडू मारता मारता इंग्रज साहेबांची दांडी उडवायला शिकलेला चर्मकार समाजातला मुलगा कोणाला आठवत नाही.

क्रिकेटच्या जगाने त्यांना विसरावे, यात नवल नाही. इतिहास लिहिणारे कोण होते, हे आपण जाणतो. पण आपणही त्यांना विसरलो. त्याचे एक कारण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बाळू पालवणकर १९३७ च्या निवडणुकीत परमपूज्य बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते. एवढे कळले की आपला कार्यकर्ता पान उलटतो. कोर्टात काम करताना मी एक गोष्ट शिकलो. साक्षीदार कोणत्या बाजूने बोलावला आहे यापेक्षा त्याच्या साक्षीतून काय शाबीत होते, ते महत्त्वाचे. म्हणून बाळूंचे आयुष्य पुराव्यासारखे तपासून पाहू.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला. पुण्याच्या लष्करी वस्तीत साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी लागली ती पारशांच्या क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तिथे मैदान राखायचे, जाळी बांधायची आणि साहेब लोकांच्या सरावाला चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास सराव करून घेई. आपल्याला बाद केलेस की आठ आणे, असा त्याचा सौदा होता, असे सांगतात. डावखुऱ्या फिरकीवरची बाळूंची हुकमत अशी घामातून आली. पण त्या क्लबात त्यांच्या हाती कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी करायची मालकाने, चेंडू टाकायचा चाकराने. खेळातही वर्णव्यवस्था होती, ती अशी.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. घ्यावे की न घ्यावे, यावर संघात दोन तट पडले. सनातनी ब्राह्मण विरोधात होते. शेवटी विजयाची गरज जातीच्या अभिमानावर भारी पडली आणि बाळू संघात आले. पण कसे आले? मैदानात त्यांच्या हाताने फिरलेला चेंडू सगळे झेलत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून कपातून पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. त्यांच्या हाताने मिळालेला विजय कोणाला बाटवत नव्हता, त्यांच्या हाताचा कप मात्र बाटवत होता. पुढे बाळूंनी सामने जिंकून दिले, तेव्हा रानडे-टिळकांसारख्या पुढाऱ्यांनी त्यांचा जाहीर गौरव केल्याच्या नोंदी आहेत. हार गळ्यात पडले, पण हार आणि हक्क यांत फरक असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईला गेले. तिथे रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. तिथेही आधी कुरबुर झाली, मग दार उघडले. मुंबईत पुण्यासारखे वेगळे ताट राहिले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. गोऱ्यांच्या दुसऱ्या डावात पाच बळी बाळूंचे होते. शिवरामही त्या संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या भावांना संघात घेण्याची घटना जातिबंधने सैल करणारी म्हणून गौरवली.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. हिंदू, मुसलमान, पारशी असे सारे त्यात होते आणि बाळू व शिवराम हे दोघे अस्पृश्य समाजातले. संघ सपाटून हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. लीसेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता, तर सॉमरसेटविरुद्धचा विजय शिवरामच्या शतकाने मिळवून दिला. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत बाळूंच्या नावावर १७९ बळी आहेत, तेही सरासरी अवघ्या १५.२१ धावांत. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला, तेव्हा ते छप्पन वर्षांचे होते. काळ थोडा पुढे असता, तर कसोटीतही हे नाव लागले असते.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, अशी नोंद इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी केली आहे. बाबासाहेब तेव्हा वीस वर्षांचे, एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी. आपल्यातल्या माणसाने गोऱ्या साहेबाला त्याच्याच देशात बाद केले, ही गोष्ट त्या पिढीला केवढी वाटली असेल! वर्तमानपत्रात आपल्या माणसाचे नाव गुन्ह्याखेरीज छापून येत नसे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

आता खरा मुद्दा. एवढा मोठा खेळाडू, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले? नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता, अशी जाहीर कबुली दिली. कबुली मिळाली, पद मिळाले नाही. १९२० साली तर कडेलोट झाला. बाळूंना सुरुवातीला संघातून वगळले. पै उपलब्ध नव्हते, तेव्हा कर्णधारपद धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे जायला हवे होते. ते पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारण जात आहे, हे जाहीर पत्रक काढून जगाला सांगितले. गोंधळ उडाला, चर्चा झाली, निवड समितीला मागे यावे लागले. पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून मैदानात उतरले. पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि काही काळ बाळूंनी संघ चालवला. वय चव्वेचाळीस! १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले. संघाने युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले.

बंधूंनो, हा क्रम नीट लक्षात घ्या. गुणवत्ता सिद्ध होऊन पंधरा वर्षे झाली, तरी कर्णधारपद नाही. बहिष्कार घातला, जाहीर पत्रक काढले, तेव्हा दार किलकिले झाले. सवर्णांच्या सद्भावनेने कप मिळाला, ताट मिळाले. अधिकार मात्र झगडल्यावर मिळाला. बाबासाहेब आयुष्यभर दुसरे काय सांगत होते?

आणि तरीही बाळू राजकारणात दुसऱ्या वाटेने गेले. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू असताना तडजोडीसाठी खटपट करणाऱ्यांत ते होते. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतराला विरोध केला. १९३७ साली काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांनी हयातभर कर्णधारपद नाकारले, त्या समाजाच्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांसमोर उभे करायला मात्र हेच बाळू आठवले. पुण्याच्या जिमखान्यातली जुनीच रीत ती. चेंडू टाकायला या, पंगतीला नको.

बाळूंना गद्दार म्हणणे सोपे आहे. पण समाजाने दिलेला प्रत्येक हार ज्याने दार उघडल्याची खूण समजला, त्याला एक दिवस ते दार पूर्ण उघडेल असे वाटले, तर तो त्याचा भाबडेपणा म्हणावा लागेल, लाचारी नव्हे. त्यांची राजकीय वाट चुकली, असे माझे स्पष्ट मत आहे. समाजाने १९३७ साली मतपेटीतून तो निकाल दिला. पण त्या निकालाने त्यांचे १७९ बळी पुसले जात नाहीत.

दुसरी भीती वेगळी आहे. आपण त्यांना टाकून दिले, तर समरसतेचे दुकान मांडणारे त्यांना उचलून नेतील. बघा, हिंदू संघात अस्पृश्यही खेळला, असे म्हणतील आणि मातीच्या भांड्याची, डावललेल्या कर्णधारपदाची गोष्ट गाळतील. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहून ठेवले, म्हणून आपल्याकडे दस्तऐवज आहे. तो आपण वाचला पाहिजे.

जयंतीच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांत क्रिकेटचे सामने भरतात, चषक दिले जातात. त्यातला एखादा चषक बाळू पालवणकरांच्या नावाचा असू द्या. आणि तो देताना पोरांना त्यांची संपूर्ण गोष्ट सांगा. आठ आण्यांची, मातीच्या भांड्याची, ११४ बळींची, १९२० च्या पत्रकाची आणि १९३७ च्या पराभवाचीसुद्धा. बाबासाहेबांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या या माणसाचे आयुष्य शेवटी बाबासाहेबांच्याच म्हणण्याचा पुरावा ठरते.

जयभीम!