यंत्राला शब्द शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

संगणकाचा शोध कोणी लावला, हा प्रश्न आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हमखास येतो. पण त्या यंत्राशी माणसाने कोणत्या भाषेत बोलावे, याचा ध्यास घेतलेल्या बाईचे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते. त्या ग्रेस हॉपर. ९ डिसेंबर १९०६ रोजी त्यांचा जन्म न्यूयॉर्कमध्ये झाला. ७ वर्षांच्या असताना आत काय चालते ते पाहण्यासाठी त्यांनी घरातली ७ गजराची घड्याळे खोलली. आईने मग एकच घड्याळ खोलायची मुभा ठेवली. मला त्या आईचेही कौतुक वाटते.

१९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळाली. व्हासार कॉलेजात त्या शिकवीत होत्याच. महायुद्धात नौदलात जायचे ठरवले तेव्हा वय नियमापेक्षा जास्त आणि वजन कमी. तरी खास परवानगी मिळवून १९४३ च्या अखेरीस त्या दाखल झाल्या. नेमणूक झाली ती हार्वर्डच्या ५१ फूट लांबीच्या ‘मार्क वन’ या गणकयंत्रावर.

१९४९ मध्ये त्या ‘युनिव्हॅक’ बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. त्या काळची अडचण इथे समजून घेतली पाहिजे. प्रत्येक यंत्राच्या आज्ञांचे आकडे वेगळे. एका यंत्रासाठी महिनोन्‌महिने खपून लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर कवडीमोल. पूर्वी एका मुलखातली पायली दुसऱ्या मुलखात चालत नसे, त्यातलाच प्रकार. शिवाय लिहिणारे एकमेकांच्या वह्यांतून तुकडे उतरवून घेत आणि उतरवताना चुकत. हे उतरवण्याचे काम यंत्रानेच का करू नये, असे हॉपरबाईंना वाटले. १९५२ मध्ये त्यांनी ‘ए-झिरो’ हा कंपायलर तयार केला. फितीवर साठवलेले तुकडे क्रमांकावरून शोधून यंत्रच ते एकत्र जोडू लागले. यंत्र फक्त आकडेमोड करते, प्रोग्रॅम लिहीत नाही, अशा समजुतीने बराच काळ कुणी त्याला हात लावला नाही!

पुढचा विचार याहून धीट होता. हिशेबनीस मंडळींना गणिती चिन्हांची धास्ती, तेव्हा आज्ञा साध्या शब्दांतच द्याव्यात. १९५५ च्या सुमारास त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत लिहून दाखवला आणि मग तोच फ्रेंच व जर्मन शब्दांतही. यंत्राच्या दृष्टीने तिन्ही सारखेच, नुसती अक्षरांची अदलाबदल. पण वरिष्ठ हादरले. फिलाडेल्फियात बनलेल्या यंत्राला परकी भाषा कळावी, हेच त्यांना पटेना. शेवटी फक्त इंग्रजीच वापरू, असा शब्द हॉपरबाईंना द्यावा लागला.

हे वाचून मी बराच वेळ थांबले. मी मराठी माध्यमातली, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. संगणक हा इंग्रजी येणाऱ्यांचा, असे आमच्या चामटोलीत सर्रास मानतात. आमच्या बचत गटाचा हिशेब आई मराठीतच चोख ठेवते. जमा, वजा, शिल्लक. हे शब्दही त्या यंत्राला तितकेच चालले असते! अडसर यंत्राचा नव्हता, वरिष्ठांच्या मनाचा होता. हॉपरबाईंनी तिथे माघार घेतली याची मला रुखरुख वाटते. मात्र त्यांनी हट्ट धरला असता तर कदाचित इंग्रजीतली योजनाही बारगळली असती.

ती योजना ‘फ्लो-मॅटिक’ या नावाने युनिव्हॅकवर चालू लागली. १९५९ मध्ये संरक्षण खात्याच्या आश्रयाने सरकार, यंत्र बनवणारे आणि वापरणारे एकत्र बसले व त्यांनी सर्व यंत्रांसाठी एक सामायिक भाषा ठरवली, ‘कोबोल’. ती हॉपरबाईंनी एकट्यांनी रचली, असे काही ठिकाणी लिहितात ते बरोबर नाही. त्या सल्लागार होत्या, रचना समितीची. पण पाया मुख्यत्वे ‘फ्लो-मॅटिक’चा. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ तोच कोबोल प्रोग्रॅम युनिव्हॅकवर आणि आरसीए कंपनीच्या यंत्रावरही चालला. पायली एक झाली.

नौदलाने १९६६ मध्ये निवृत्त केलेल्या या बाईंना पुढच्याच वर्षी परत बोलावले. कारण भाषा एक असली तरी जो तो कारखाना ती आपल्या सोयीने वळवी. प्रत्येक कंपनीचा कंपायलर नियमाप्रमाणे चालतो की नाही, हे तपासणाऱ्या चाचण्या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. १९८६ मध्ये रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या तेव्हा वय होते ७९. व्याख्यानाला आलेल्यांना त्या जवळजवळ फूटभर लांबीचे तारेचे तुकडे वाटीत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात विजेचा संदेश फार तर एवढाच पुढे जातो, हे हातात धरून कळावे म्हणून. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.