पगारपत्रकातील दोनशे रुपये आणि वि. स. पागे

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर मागे पडले की मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव लागते. भोवती कोरडवाहू शेती, आणि रस्त्याला लागून गावची बाजारपेठ. येथील असो वा राज्यातील अन्य कोणत्याही बाजारपेठेतील असो, पगारी माणसे ठेवणाऱ्या दुकानदाराला महिनाअखेरीस एक नोंद करावी लागते. दहा हजार रुपयांहून अधिक पगार घेणाऱ्या पुरुष नोकराच्या वेतनातून दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. वर्षाला ही रक्कम अडीच हजार होते. नोकर कुरकुरतो, मालक चलन भरतो आणि विषय संपतो. या कपातीची मुळे एका गांधीवादी लोकप्रतिनिधीने मांडलेल्या हिशेबात आहेत, याची आठवण आता फारशी कोणाला उरलेली नाही. त्या लोकप्रतिनिधीचे नाव विठ्ठल सखाराम पागे.

पागे यांचा जन्म १९१० सालचा. त्यांची कर्मभूमी असलेला तासगाव तालुका त्या वेळी सातारा जिल्ह्यात होता. पुढे जिल्ह्याचे विभाजन होऊन तो आजच्या सांगली जिल्ह्यात आला. कायद्याचे शिक्षण, स्वातंत्र्य चळवळीतील सहभाग, गांधीविचारांवरील निष्ठा आणि संतसाहित्याचा व्यासंग या चार गोष्टींनी त्यांची जडणघडण झाली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या पदावर राहिले. सभापतीने पक्षीय वादापासून दूर राहावे, हा संकेत त्यांनी पाळला. मात्र सभागृहाबाहेर एका प्रश्नाने त्यांचा पाठपुरावा कधी सोडला नाही. हाताला काम मागणाऱ्या माणसाला शासनाने काम का देऊ नये, हा तो प्रश्न.

पावसाळा सरला, सुगी आटोपली की कोरडवाहू गावातील भूमिहीन मजुराला सहा-सहा महिने काम मिळत नाही. दुष्काळ पडला तर शासन दुष्काळी कामे काढते, परंतु ती मेहेरबानी असते. पाऊस बरा झाला की कामे बंद होतात, मजुराची बेकारी मात्र चालूच राहते. पागे यांचे म्हणणे असे होते की, काम ही मदत न राहता मजुराचा हक्क व्हावा आणि त्या कामातून गावाला टिकाऊ मालमत्ता मिळावी. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी, रस्ते यांतून पुढच्या वर्षीची बेकारी थोडी तरी कमी व्हावी.

ही कल्पना त्यांनी प्रथम आपल्याच परिसरात तपासून पाहिली. १९६५ च्या सुमारास त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे आपला विचार मांडला. नाईक हे वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याचे. कोरडवाहू शेतीचे दुखणे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे आणि नंतर आसपासच्या गावांत प्रयोग झाले. पुढे एकात्मिक क्षेत्र विकासाच्या या प्रयोगाला ‘पागे योजना’ असेच नाव पडले. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली आणि लगोलग भीषण दुष्काळाने राज्याला घेरले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. एवढ्या मोठ्या संख्येला काम पुरवता येते, हे शासनाला त्या वर्षी कळून चुकले.

दुष्काळ ओसरल्यावर खरा प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. दुष्काळासाठी तिजोरी उघडते, परंतु दरवर्षी आणि मागेल त्याला काम द्यायचे, तर निधीही दरवर्षीचा आणि हक्काचा हवा. त्यासाठी १ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला. त्याच्या जोडीला वाहने, विक्रीकर, ऊसखरेदी, बागायती जमिनी आणि शहरांतील बिगरनिवासी जागा यांवरही अधिभार किंवा कर बसवले गेले. या करांतून जेवढे उत्पन्न येईल, तेवढीच भर शासनाने आपल्याकडून घालावी, अशी रचना झाली. ज्याला दरमहा निश्चित पगार मिळतो, त्याने ज्याला उद्याच्या कामाचीही शाश्वती नाही त्याच्यासाठी थोडा वाटा द्यावा, असा या करामागचा व्यवहार होता. तो वसूल करण्याची जबाबदारी मालकावर आली. कामगाराच्या पगारातून रक्कम कापायची, शासनाकडे भरायची, विवरणपत्र द्यायचे आणि स्वतःच्या व्यवसायाची नावनोंदणी करून स्वतःचाही कर भरायचा. कापायचे राहून गेले तरी भरण्याचे दायित्व मालकाचेच.

१९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला. विधान परिषदेत सभापतीच्या आसनावर पागे होते. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, ते न दिल्यास बेकारी भत्ता आणि स्त्री-पुरुषांना समान दराने मजुरी, ही त्याची मुख्य सूत्रे. या कायद्याने शासन स्वतःच एक मालक झाले. दुकानदाराकडे पगारपत्रक, तसे शासनाकडे हजेरीपट. दुकानदाराने कर वेळेवर भरायचा, तसे शासनाने काम वेळेवर द्यायचे. बंधन दोघांनाही सारखेच होते.

प्रत्यक्षात ते सारखे पाळले गेले नाही. बेकारी भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला. खोटे हजेरीपट, मोजमापातील घोळ, रखडलेली मजुरी यांच्या तक्रारी गावोगावी झाल्या. १९८८ मध्ये योजनेवरील मजुरीचे दर किमान वेतनाच्या बरोबरीस आणले गेले. मजुरी वाढली, पण त्यानंतर कामांवरील उपस्थिती घटली. महाग झालेली कामे काढण्यात यंत्रणेने हात आखडता घेतला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. गोळा झालेला निधी पूर्ण खर्च होत नाही, ही टीका पुढे दीर्घकाळ होत राहिली. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने व्यवसाय कराची वार्षिक कमाल मर्यादा अडीचशेवरून अडीच हजार रुपयांवर नेली.

सभापतीपद सोडल्यावरही पागे या योजनेशी जोडलेले राहिले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फळबाग लागवड योजनेला रोजगार हमीची जोड मिळाली आणि शेतकऱ्याच्या बांधावरही हजेरीपट पोहोचला. महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवून संसदेने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा देशव्यापी कायदा केला.

पागे यांच्या विचाराला अर्थकारणाच्या पाठ्यपुस्तकात मोठी जागा मिळाली नाही. व्यवसाय कर मात्र टिकून आहे. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा पंचवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना त्यातून सूट मिळाली. पुरुषांसाठी ही मर्यादा साडेसात हजार रुपये आहे. कर कापण्यात हयगय करणाऱ्या छोट्या मालकाला व्याज आणि दंड सोसावा लागतो. कामाची मागणी नोंदवून पंधराव्या दिवशीही रिकाम्या हाती बसलेल्या मजुराचा भत्ता चुकवणाऱ्याला काय सोसावे लागते, हा पागे यांच्या हिशेबातील दुसरा रकाना अजून भरायचा आहे.